सबवूफर कुठे ठेवायचा? आधी हॉलला विचारा

नवा सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर (बेस) वाजवणारा स्पीकर, घरी आला की तो टीव्ही युनिटच्या शेजारच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. तिथे प्लग असतो, वायर पुरते आणि झाडू मारताना तो मध्ये येत नाही. माझाही तिथेच बसला होता. पहिल्याच रात्री गाणं लावलं तर बेस गिटारचा एक सूर असा घुमला की शोकेसच्या काचा थरथरल्या, आणि त्याच्या पुढचे दोन सूर कुठे गेले ते कळलंच नाही. दोन आठवडे मी सबलाच शिव्या घातल्या. बारा इंची घ्यायला हवा होता, दहा इंची घेऊन चूक केली, असं घरात सगळ्यांना ऐकवून झालं. मग एका रविवारी फरशी पुसण्यासाठी तो तीन फूट पुढे ओढला, गाणं चालूच होतं, आणि ते हरवलेले सूर परत आले.

तेव्हापासून कुणी विचारलं की 'बेस नीट येत नाही, कोणता सब घेऊ?' तर माझा उलटा प्रश्न असतो: तुमचा हॉल किती बाय किती आहे? खालच्या सुरांच्या बाबतीत सबपेक्षा खोलीच जास्त बोलते. आणि सब सरकवायला पैसे पडत नाहीत. या लेखातली पहिली पाचही कामं एका सुटीच्या दिवसात, जवळजवळ फुकट होतात.

आधी थोडं खोलीबद्दल

बाथरूममध्ये गाताना एखादा सूर अचानक भरदार लागतो, आपलं आपल्यालाच कौतुक वाटतं, तो अनुभव सगळ्यांना आहे. तिथे तुमचा गळा सुधारलेला नसतो. त्या सुराची लांबी बाथरूमच्या दोन भिंतींमध्ये नेमकी बसलेली असते, एवढंच. हॉल मोठा, म्हणून त्याचे असे लाडके सूर खाली, थेट सबच्या हद्दीत येतात. यांना रूम मोड म्हणतात. शाळेत शिकलेले स्थायी तरंग आठवत असतील तर तेच हे.

हिशेब सोपा आहे. ५६५ या आकड्याला खोलीच्या लांबीने, फुटांमध्ये, भागा. जे उत्तर येईल तो त्या लांबीचा पहिला मोड, हर्ट्झमध्ये. त्याची दुप्पट, तिप्पट हे पुढचे. रुंदी आणि उंचीचंही तसंच. (हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, त्याचं हे अर्ध.)

माझा हॉल १७ फूट लांब, साडेदहा फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. तुमचाही याच्या आसपासच असेल. लांबीचे मोड आले ३३, ६६ आणि १००. रुंदीचे ५४ आणि १०८. उंचीचा ५९. आता गंमत बघा. चार तारांच्या बेस गिटारच्या मोकळ्या तारा ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. म्हणजे दुसरी तार छेडली की माझ्या हॉलची रुंदी तिच्याबरोबर गाते, आणि सर्वांत जाडी तार, ४१ वाली, दोन मोडच्या मधल्या खड्ड्यात पडते. सबने दोन्ही सूर सारख्याच जोराने वाजवले होते. उचलून धरला एक, टाकून दिला दुसरा, तो खोलीने.

आपल्याकडे हा त्रास अंमळ जास्त आहे. अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्यावरच्या जिप्समच्या भिंती खालच्या सुरांना थोड्या लवतात आणि ती ऊर्जा खाऊन टाकतात. आपल्या विटांच्या, काँक्रीटच्या भिंती आणि व्हिट्रिफाइड टाइल्स तसूभर हलत नाहीत. सगळा बेस परत तुमच्याच अंगावर. म्हणून परदेशी व्हिडिओ बघून 'आमच्याकडे असं का होत नाही' असं वाटून घेऊ नका. उलट, दिवाणखाना स्वयंपाकघराला किंवा पॅसेजला उघडा असेल तर बेस तिकडेही पळतो आणि वरचा हिशेब थोडा चुकतो. चुकू द्या. आपल्याला फक्त कुठे बघायचं ते हवं आहे.

पहिलं काम: सूर लावून चाला

हे करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण एकदा कानाने ऐकलं की बाकी सगळं आपोआप पटतं.

फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या आणि फोन ब्लूटूथने किंवा वायरने रिसीव्हरला, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या पेटीला, जोडा. फोनच्या स्वतःच्या स्पीकरमधून हे सूर येतच नाहीत. तुमच्या हॉलच्या लांबीचा पहिला मोड लावा, माझ्याकडे ३३. आवाज अगदी कमी ठेवा. एकच सूर सतत वाजवणं सबला जड जातं. आता टीव्हीच्या भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि सावकाश समोरच्या भिंतीकडे चालत जा.

भिंतीपाशी छातीत दाब जाणवेल. हॉलच्या मध्यावर, माझ्याकडे साडेआठ फुटांवर, तो सूर जवळजवळ नाहीसा होतो. कुणी बटण बंद केल्यासारखा. पुढे चालत राहिलात की परत येतो आणि मागच्या भिंतीला डोकं टेकवलंत की पुन्हा तितकाच जोरात. आमच्याकडे आई सोफ्यावर बसून हे बघत होती. तिने विचारलं, 'अरे, काय हरवलंय?' मी म्हटलं, 'आवाज.' तिने मध्यावर येऊन स्वतः ऐकलं आणि मग ती पण दोन फेऱ्या मारून आली.

आता दुप्पट सूर लावा, ६६. या वेळी मध्यावर आवाज मोठा, आणि दोन्ही भिंतींपासून पाव अंतरावर, म्हणजे सव्वाचार फुटांवर, खड्डा. मग रुंदीचा ५४ लावून आडवे चाला. याचा खड्डा रुंदीच्या बरोबर मध्यावर पडतो, म्हणजे सोफ्याच्या मधल्या, मानाच्या जागेवर. बाबा मधे बसून म्हणतात बेसच नाही, भिंतीकडे बसलेली ताई म्हणते कमी कर, डोकं दुखतंय. दोघंही खरं बोलत असतात.

हे खड्डे आणि उंचवटे एका कागदावर हॉलचा चौकोन काढून टिपून ठेवा. पुढची सगळी कामं या कागदावरून होतील.

दुसरं काम: सोफा

सगळे सबपासून सुरुवात करतात. मी म्हणेन आधी सोफा बघा. सबला जागा बदलता येते तशी तुमच्या डोक्यालाही येते, आणि अर्धी लढाई तिथेच संपते.

दोन जागा टाळायच्या. एक, लांबीचा बरोबर मध्य, कारण पहिला मोड तिथे गायब. दुसरी, मागची भिंत, कारण तिथे लांबीचे सगळेच मोड जोरात. आपल्या फ्लॅटमध्ये सोफा मागच्या भिंतीला चिकटलेलाच असतो, हे मला माहीत आहे. माझाही होता. तो दीड-दोन फूट पुढे घेतला तरी घुमणं कमी होतं. मागे जागा वाया जाते अशी तक्रार घरातून येणारच. तिथे इस्त्रीचं टेबल, घडीच्या खुर्च्या, वाळवणाचा स्टँड असं सगळं उभं राहतं, हे माझं उत्तर होतं आणि ते चाललं.

स्टुडिओवाले लांबीच्या ३८ टक्क्यांची जागा सांगतात. माझ्या हॉलमध्ये ती एका भिंतीपासून साडेसहा फूट येते. सुरुवात म्हणून ठीक आहे, पण नियम म्हणून धरू नका. कागदावरच्या खड्ड्यात न पडणारी कुठलीही जागा चालते. सोफा अजिबात हलणार नसेल तर हे काम सोडा आणि पुढचं जरा जास्त मन लावून करा.

तिसरं काम: रांगणे

नाव ऐकून हसू येतं, पण सबची जागा शोधायची याहून चांगली फुकट पद्धत नाही. कल्पना उलटी आहे: सबला तुमच्या जागेवर बसवायचं आणि तुम्ही सबच्या जागा हिंडायच्या. असं चालतं कारण ध्वनीचा प्रवास दोन्ही दिशांना सारखाच असतो. इथून तिथे जसं ऐकू येतं तसंच तिथून इथे. हेल्महोल्ट्झने हा नियम एकोणिसाव्या शतकात मांडला, तेव्हा सबवूफर नव्हता, पण लागू तोच होतो.

सोफ्यावर जुनी चादर टाका आणि दोघांनी मिळून सब उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा. एकट्याने उचलू नका. दहा-बारा इंची सब सहज पंधरा-वीस किलो भरतो, आणि त्याच्या कोनावर, म्हणजे पुढच्या थरथरणाऱ्या पडद्यावर, बोट लागलं की तो मोबदल्यात कोनच मागतो. सबची सिग्नल वायर पाच मीटरची तरी लागेल. शिल्डिंग चांगलं असलेली घ्या, एवढ्या अंतराला काही फरक पडत नाही.

आता असं गाणं लावा ज्यात बेस गिटार वरखाली फिरते, एकाच सुरावर ठोकत नाही. जॅझमधली चालती बेस लाइन उत्तम. नुसता ढोलाचा ठोका असलेलं गाणं इथे कामाचं नाही, कारण तो एकच सूर परत परत ऐकवतो. फक्त सब चालू ठेवता आला तर आणखी चांगलं. मग गुडघ्यांवर बसा आणि सब ठेवता येईल अशा प्रत्येक जागेवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर कान नेऊन मिनिटभर ऐका. कान खालीच हवा. साडेनऊ फुटी हॉलमध्ये उभ्या माणसाच्या कानाशी उंचीचा ५९ हर्ट्झचा मोड जवळजवळ पुसला जातो, जमिनीशी तो पूर्ण जोरात असतो. उभं राहून ऐकलंत तर सगळी परीक्षाच खोटी.

आता चूक कुठे होते ते सांगतो. कोपऱ्यात कान नेला की बेस धडाधड येतो आणि माणूस खूष होऊन म्हणतो, हीच जागा. नाही. कोपऱ्यात लांबी, रुंदी, उंची तिन्हींचे सगळे मोड एकदम पेटतात, म्हणून तो मोठा वाटतो. आपण मोठा शोधत नाही, सपाट शोधतोय. जिथे बेस लाइनचे सगळे सूर साधारण एका उंचीचे ऐकू येतील, एकही सूर हरवणार नाही आणि एकही ओरडणार नाही, ती जागा. आवाज थोडा कमी असला तरी चालेल, तो गेनच्या बटणाने वाढवता येतो. हरवलेला सूर कुठल्याच बटणाने परत येत नाही.

चांगल्या वाटलेल्या तीन-चार जागांवर कागदी चिकटपट्टी लावा. मग सब एकेका खुणेवर ठेवा, तुम्ही सोफ्यावर बसा, आणि तेच गाणं परत. माझ्याकडे पुढच्या भिंतीवर कोपऱ्यापासून साडेतीन फुटांवरची जागा जिंकली, टीव्ही युनिट आणि बाल्कनीच्या दाराच्या मधली. दार पूर्ण उघडत नाही आता. घरातला हा तह सोपा नव्हता.

जागा ठरवताना आणखी दोन गोष्टी. सबच्या मागे पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, असेल तर भिंतीपासून सहा इंच तरी सोडा, नाहीतर फुसफुस ऐकू येते. आणि सब लाकडी युनिटच्या पोटात कोंबू नका. ते युनिट दुसरं वाद्य होऊन बसतं.

चौथं काम: रिसीव्हरमधली बटणं

जागा ठरल्यावरच इकडे या. आधी बटणं फिरवून मग जागा बदलली की सगळं परत करावं लागतं.

सबवरचं स्वतःचं क्रॉसओव्हरचं बटण, म्हणजे कुठल्या सुराच्या खालचं सबने वाजवायचं ते ठरवणारं, शेवटपर्यंत फिरवा, किंवा एलएफई असं लिहिलं असेल तर त्यावर. विभागणी रिसीव्हरनेच करावी. दोघांनी केली तर मधे भोक पडतं. सबचा गेन साधारण मध्यावर. मग रिसीव्हरचा माइक लावून ऑटो कॅलिब्रेशन चालवा: माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीला चिकटवून नाही. पंखा, एसी बंद. प्रेशर कुकरची वेळ टाळा.

ते संपल्यावर तीन गोष्टी तपासा. समोरचे स्पीकर त्याने 'लार्ज' ठरवले असतील तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. यात अपमान वाटायचं कारण नाही, याचा अर्थ इतकाच की ८० च्या खालचं काम सबला दिलं. सबची पातळी अगदी तळाला, उणे बारावर, गेली असेल तर सबचा गेन कमी करून परत चालवा. तिसरं, सबचं अंतर त्याने प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं, समजा आठ फुटांवरचा सब चौदा फुटांवर, तर टेप घेऊन दुरुस्त करायला जाऊ नका. सबच्या आतली इलेक्ट्रॉनिक्स सिग्नलला काही मिलिसेकंद उशीर करतात आणि दर मिलिसेकंदाला फुटाहून जरा जास्त धरून रिसीव्हर तो उशीर अंतरात मोजतो. त्याचं बरोबर असतं.

फेजचं बटण शेवटी. ८० हर्ट्झचा सूर समोरच्या स्पीकर आणि सबमधून एकत्र वाजवा, तुम्ही सोफ्यावर बसा, दुसऱ्याला ० आणि १८० असं बदलायला सांगा. ज्या बाजूला आवाज मोठा तीच बाजू बरोबर. तिथे दोघं एकमेकांना साथ देतायत, दुसऱ्या बाजूला कापतायत.

मधेच एक भुणभुण ऐकू आली तर? सब चालू केल्या केल्या 'हूऽऽ' असा सतत आवाज येत असेल तर बहुतेकदा तो अर्थिंगचा घोळ असतो. सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. आवाज थांबला तर केबलवाल्याच्या वायरमधून दुसरं अर्थिंग घरात आलंय. सब आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर घेतले की बऱ्याचदा भागतं, नाहीतर केबलच्या वाटेत आयसोलेटर लावा. तिसरी पिन कापण्याचा सल्ला देणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका, त्या पिनेवर घरच्यांचा जीव आहे.

पाचवं काम: घुमणाऱ्या वस्तू शोधा

२० ते १०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा सूर लावा आणि घरभर फिरा. प्रत्येक वस्तूचा आपला सूर असतो. आमच्याकडे ४५ ला शोकेसची काच, ५४ ला स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे स्टीलचे डबे, ७० ला खिडकीची स्लायडिंग पट्टी. यातला निम्मा 'खराब बेस' सबचा नसतोच, डब्यांचा असतो. काचेच्या खाचेत फेल्टची पट्टी, डब्यांखाली रबरी मॅट, खिडकीला फोमची टेप. पन्नास-शंभर रुपयांची कामं, पण नवा सब घेतल्याइतका फरक पडतो.

मोजायचं असेल तर

कानावर विश्वास बसला की काही जणांना आलेख बघावासा वाटतो. ती खोड मलाही लागली. रूम ईक्यू विझर्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि मिनीडीएसपीचा यूमिक-१ सारखा यूएसबी माइक, स्वतःच्या कॅलिब्रेशन फाइलसह, घेतला की झालं. लॅपटॉप एचडीएमआयने रिसीव्हरला जोडायचा, १५ ते २०० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे चढत जाणारा सूर, द्यायचा. फोनचा माइक इथे चालत नाही. अनेक फोन खालचे सूर कापतात आणि आवाज आपोआप सावरून घेतात.

आलेख बघताना स्मूदिंग बंद ठेवा, नाहीतर खड्डे गुळगुळीत होऊन तुम्हाला फसवतील. आणि एकाच जागेचा आलेख घेऊन थांबू नका. सोफ्याच्या तिन्ही जागांचे घ्या आणि एकावर एक ठेवा. तिघांत सारखा असलेला उंचवटा हा दुरुस्त करायचा. एकाच जागेवरचा खड्डा सोडून द्यायचा.

इथे इक्वलायझर (ईक्यू), म्हणजे एकेक सूर कमी-जास्त करायची सोय, येतो, आणि नवशिक्यांची सर्वांत महाग चूक इथेच होते. उंचवटा कापता येतो, आणि कापला की त्या सुराचं मागे रेंगाळणंही कमी होतं. खड्डा भरता येत नाही. तिथे भिंतीवरून परत आलेली लाट मूळ लाटेला खोडून काढत असते. तुम्ही जितका जास्त वाजवाल तितकीच जास्त ती खोडेल. शिवाय सहा डेसिबल वाढवायला ॲम्प्लिफायरला चौपट शक्ती लागते, दहा डेसिबलला दहापट. दोनशे वॉटच्या सबकडून दोन हजार मागणार? खड्डा सापडला की सब किंवा सोफा सरकवा, ईक्यूला हात लावू नका.

फोम, अंड्याचे ट्रे आणि बेस ट्रॅप

भिंतीवर दोन इंची काळा फोम लावून बेस सुधारला, असं सांगणारे खूप आहेत. त्याने बोलण्याचा खणखणीतपणा कमी होतो, बेसला तो दिसतही नाही. सच्छिद्र वस्तूला सूर नीट शोषायचा तर लाटेच्या पाव लांबीच्या आसपास जाडी लागते. ३३ हर्ट्झची पाव लांबी साडेआठ फूट. म्हणजे माझा अर्धा हॉल रॉकवूलने, म्हणजे दगडी तंतूंच्या कापसाने, भरायचा आणि उरलेल्या अर्ध्यात उभं राहायचं. अंड्याच्या ट्रेबद्दल काही बोलत नाही.

कोपऱ्यांत सहा-आठ इंची जाड रॉकवूलचे खांब, म्हणजेच बेस ट्रॅप, उभारले तर ८०-१०० च्या वर खरंच फरक पडतो. त्याखालच्या भागासाठी जागा, ईक्यू, आणि पुढे लिहितोय तो दुसरा सब, एवढेच मार्ग भाड्याच्या घरात परवडतात.

दोन छोटे की एक मोठा?

बजेट एकाच मोठ्या सबचं असेल आणि सोफ्यावर एकाहून जास्त माणसं बसत असतील तर मी दोन छोटे घेईन. हरमन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता, की किती सब पुरेत. त्यांचं उत्तर असं की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब ठेवले तर सगळ्या खुर्च्यांवरचा बेस बराच सारखा होतो. चार भिंतींच्या मध्यावर चार ठेवले तर आणखी सारखा, पण ते आपण सोडून देऊ.

माझ्या हॉलमध्ये याचा अर्थ काय होतो बघा. एक सब टीव्हीच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा सोफ्यामागच्या भिंतीच्या मध्यावर. ३३ च्या मोडला दोन टोकांकडून उलटसुलट ढकलल्यासारखं होतं, तो उठतच नाही. रुंदीच्या ५४ चा खड्डा मध्यावर आहे आणि सब नेमके त्याच रेषेत, म्हणून तोही उठत नाही. उरतो ६६, त्याला दोन्ही सब मिळून उचलतात, आणि उंचीचा ५९. तो ६६ ईक्यूने कापायचा. एका जागेच्या फेरफाराने दोन भांडणं मिटली, हे काही कमी नाही.

मागच्या भिंतीचा मध्य मोकळा नसेल तर समोरासमोरचे तिरके कोपरे वापरून बघा. दोन्ही सब शक्यतो एकाच मॉडेलचे घ्या. वेगवेगळे असले की त्यांचा फेज जुळवताना घाम फुटतो.

शेजारी आणि रात्र

कायद्याप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती मोजतात त्या पद्धतीत ४० हर्ट्झचा सूर जवळजवळ पस्तीस डेसिबलने कमी धरला जातो. मीटरवर तुम्ही निर्दोष आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पलंगाला मात्र ठोके बसतायत, असं सहज होतं. सबखालचे रबरी पॅड फरशीतून जाणारी थरथर अडवतात. हवेतून स्लॅब हलवणारा बेस ते अडवत नाहीत, दुकानदार काहीही म्हणो. मी रात्री नऊनंतर सब पाच डेसिबलने खाली घेतो आणि रिसीव्हरचा रात्रीचा मोड लावतो. काकूंना एकदा घरी बोलावून चहा दिला आणि कोणत्या वेळी त्रास होतो ते विचारलं, त्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला. त्यांना त्रास संध्याकाळी साडेसातला होता, मालिकेच्या वेळी. रात्री त्या गोळी घेऊन गाढ झोपतात.

एक राहिलेली वस्तू

घुमणाऱ्या वस्तूंच्या यादीत देव्हाऱ्यातली घंटी राहून गेली. सगळं बसवून झाल्यावर तीन दिवसांनी, बेस गिटारची जाडी तार वाजली की एक बारीक किणकिण येते असं लक्षात आलं. मी स्पीकरचे ट्वीटर तपासले, वायरी काढून लावल्या. आई देव्हाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, 'तुझं ते यंत्र रोज आरती करतंय.' घंटीच्या लोलकाला आता सुती दोऱ्याचे दोन सैल वेढे आहेत. सकाळी पूजेला ती सोडते, पूजा झाली की परत गुंडाळते.